पार्सल आलंय

धाकटीचे इअरफोन सकाळपासून सापडत नव्हते. थोरलीनेही तिच्याबरोबर पलंगाखाली वाकून पाहिलं, गाद्या उचलल्या, उशांच्या खोळी झटकल्या. इअरफोन थोरलीच्याच गाऊनच्या खिशात होते.

त्यामुळे आज चार वाजता समुपदेशक बाईंचा आवाज मोबाइलमधून मोकळाच बाहेर आला. थोरली खोलीबाहेर स्टुलावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. त्याला आतून कडी नव्हती.

"कशा आहात?" बाईंनी विचारलं.

एवढंच. हे तर थोरली दिवसातून चारदा विचारायची आणि तिला "ठीक" असं उत्तर मिळायचं. बाईंना मात्र धाकटी म्हणाली, "काल बाल्कनीत गेले होते. कठड्याला हात लावून आले."

थोरलीच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. काल ती दिवसभर घरात होती. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.

पाच महिने धाकटीने उंबरा ओलांडला नव्हता. पाच महिने तिच्या गोळ्या, तिचं जेवण, तिच्या केसांचा गुंता, सगळं थोरलीने सांभाळलं होतं. आणि ही कोण कुठली बाई, मंगळवारच्या पन्नास मिनिटांची. तिला कठडा मिळाला.

ती टॉवेल घेऊन आत गेली. "चालू दे तुमचं. मी काही ऐकत नाहीये."

"पार्सल आलंय वाटतं," धाकटी मोबाइलकडे बघत म्हणाली.

"थांब, मी बघते."

थोरलीने बाहेरचं दार उघडलं. कोणी नव्हतं. ती परत येऊन घड्या घालायला बसली.

थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. धाकटी हसत होती. थोरली चादर उचलून पुन्हा आत शिरली.

"काय झालं गं हसायला? आम्हालाही कळू दे की."

"पार्सल आलंय," धाकटी म्हणाली. या वेळी मान खाली घालून.

"बेल तर वाजली नाही." तरी ती गेली. जिन्यात वाकून पार खालच्या पायरीपर्यंत पाहिलं. 'कोणी नाही गं' असं सांगायला परत आली आणि लोटलेल्या दारापाशी थबकली.

"गेल्या का त्या?" बाई विचारत होत्या.

"हो."

"आपला ठरलेला शब्द तुम्हाला आज दोनदा वापरावा लागला."

थोरलीला उमगायला क्षणभर लागला. पार्सल म्हणजे आपण. लहानपणी एक आत्या यायची, आली की हलायचीच नाही. तिला या दोघी चोरून पार्सल म्हणायच्या. शब्द दोघींचा होता. तोही हिने त्या बाईला देऊन टाकला.

"एक स्पष्ट सांगते," बाई म्हणाल्या. "घराबाहेर पडणं ज्यांना जड जातं, समोर माणूस बसला की ज्यांची जीभच उचलत नाही, त्यांना हे असं मोबाइलवर बोलणं मानवतं. पण त्याला एक खोली लागते. आत बोललेलं आतच राहील अशी. ती नसेल तर मी पुढे जात नाही. दुखणं उघडं करायचं आणि माणसाला तसंच सोडून फोन बंद करायचा, हे मला पटत नाही. माझ्याकडे यायला जमेल तुम्हाला?"

"जिन्याची पहिली पायरीसुद्धा जमत नाही अजून."

"मग काही दिवस थांबू या आपण."

थोरलीला बरं वाटलं. पुढच्या मंगळवारी चार वाजता धाकटीसमोर तीच बसणार होती. आपल्याला किती बरं वाटलं ते लक्षात आलं आणि तिने मनातल्या मनात क्षमा मागत हात जोडले.

"ताई वाईट नाही हो," धाकटी सांगत होती. "तिला काही सांगितलं की ती रडते. मग मी तिची समजूत काढते. माझं सांगायचं राहूनच जातं."

 

थोरलीचे डोळे भरून आले होते. तिने ते गाऊनच्या बाहीने पुसले, नीट कोरडे केले, आणि दारावर टकटक केली. स्वतःच्या घरात, पहिल्यांदाच.

"हे घे." तिने इअरफोन पलंगावर ठेवले.

"कुठे होते?"

"माझ्याजवळ."

धाकटीने वर पाहिलं. थोरलीने तिच्याकडे न बघता मोबाइलकडे बघितलं. पडद्यावर साध्या चेहऱ्याची, चष्म्यातली बाई होती. केसही धड विंचरलेले नव्हते.

"थांबू नका तुम्ही," थोरली म्हणाली. "दर मंगळवारी चार वाजता मी बाहेर जात जाईन. तासभर."

"पन्नास मिनिटं पुरतात," बाई म्हणाल्या.

"मी तासभरच जाईन."

तिने गाऊन बदलून साडी नेसली, चपला घातल्या आणि बाहेरचं दार आतपर्यंत ऐकू जाईल असं ओढून घेतलं.

तळमजल्यावरच्या शिंप्याने तिला बघून मशीन थांबवलं. "काय ताई, आज इकडे कुठे? धाकट्या बाई बऱ्या आहेत ना? काही बोलतात-बिलतात का?"

"बोलते ना," थोरली म्हणाली. "छान बोलते."

आणि वरच्या खिडकीकडे बघायचं नाही म्हणून ती त्याच्या फळीवरची दोऱ्याची रिळं एकेक करून बघत राहिली.