केयाचा डबा

बास मासा गळाला लागावा म्हणून कुठल्या रंगाचं रबरी गांडूळ लावायचं आणि त्याला वजन किती हलकं हवं, हे केया तासभर निवडत बसायची. बाबांचं डोकंच फिरायचं. "एवढं डोकं कॅल्क्युलसला लाव!" असं ओरडून त्यांनी एकदा तिचा गळ-गांडुळांचा अख्खा डबा कचऱ्यात ओतला. "दोज वेअर माइन, बाबा!" तिने दार आपटलं होतं. तो राग अजून तसाच होता.

आज कॉलेजच्या फिशिंग टीमने तिला स्कॉलरशिप दिली. दहा मिनिटांत बाबांनी ती बातमी अमेरिकेतल्या त्यांच्या कॅरी गावभर केली. लगेच तिथल्या मराठी मंडळातल्या रेणूकाकूंचा फोन आला. "अभिनंदन! पण स्कॉलरशिप कशात मिळाली हो?"

केयाकडे पाठ फिरवून बाबा म्हणाले, "मरीन बायोलॉजीत."