सायकलची सीट
थंडीतल्या शांत पहाटे पाना फरशीवर खणकन पडला आणि तिने जीभ चावली. "काय करून राहिली वं?" खाटेवरून नवऱ्याने विचारलं. "तुमच्या सायकलची सीट खाली घेऊन राहिली. माहे पाय टेकत नाही." "बुटकी!" तो हसला. त्याच्या अपघातानंतर सायकल भिंतीलाच टेकून होती. आजपासून सक्करदऱ्याहून रामदासपेठेत कामाला ती जाणार होती, त्याचीच कानटोपी घालून. डॉक्टरांनी काल तिला बाजूला घेऊन त्याच्या पायांबद्दल जे सांगितलं, ते तिने घरात उच्चारलंही नव्हतं. सीटचा नट तिने हलक्याच हाताने फिरवला. "पक्का आवळ," तो छताकडे पाहत म्हणाला. "माह्यासाठी ढिला ठेवू नको." तिने दोन्ही हातांनी पाना दाबला. गोधडीतून लेकीने डोकं काढून झोपाळल्या आवाजात विचारलं, "आई, बाबा चालायले लागले की सीट पुन्हा वर करशील न वं?"