अंगाची खूण

कारंज्याच्या जिनिंगच्या फाटकापाशी प्रयागबाई येऊन उभी राहिली, तेव्हा चौकीदारानं कोण वारलं म्हणून विचारलं. कोणी नाही, ती म्हणाली. दौलतरावांना तेवढं बोलवा.

दौलतराव तिचा नवरा. कापसाचा हंगाम असला की तो इथंच राहायचा आणि आईचा निरोप आला की एका रातीपुरता धनजला घरी यायचा. सुनेला मूल राहावं म्हणून निरोपाचा दिवस सासू, गोजराबाई, ठरवायची. सून न्हाली की सुईणीला विचारून ती दिवस धरायची. पण प्रयागबाईचं न्हाणं कधी महिन्यानं यायचं, कधी दोन महिन्यांनी. धरलेला दिवस दर खेपेला वाया जायचा. मागच्या वेळी न्हाणं फारच लांबलं, म्हणून आता ते न मोजता सासूनं सरळ पुढची पुनव धरली होती. ही शेवटची खेप, असंही ऐकवलं होतं. दुसरी बायको करायला सरकार बंदी आणणार अशी बोलवा होती. त्याआधी उरकावं म्हणून मानोऱ्याकडची एक पोरगी तिनं पाहून ठेवली होती.

आज सकाळी गोठ्यातली गाय फळाला आली. तिच्या मागून काचेसारखी स्वच्छ तार लोंबत होती. सासू गड्याला म्हणाली, आजच वळूकडं ने, उद्या उपयोग नाही. प्रयागबाई शेणाचे हात तसेच घेऊन उभी राहिली. तसाच ओलावा तिला कालपासून होता. याआधीही व्हायचा, कधी लवकर, कधी उशिरा. आणि तो होऊन गेला की पंधरवड्यानं ती हमखास बाहेर बसायची. हे सांगावं असं घरात कोणी नव्हतं. डोळे दाखवून येते म्हणून ती मोटारीत बसली.

दौलतराव पंच्यानं तोंड पुसत आला. "तू काहून आली?"

"आज घरी चाला."

"आईनं तं पुनवेले बोलावलं."

"आईले मायं अंग काय समजते? माया दिवस आज हाये."

त्यानं मागं वळून पाहिलं. आतले दोघं-तिघं काम थांबवून बघत होते. एक जण हसला. बाईमाणसानं असं फाटकावर येऊन बोलावं का, एवढंच तो हळू आवाजात म्हणाला. रागावला नाही. तिला चहा पाजला, मोटारीत बसवून दिलं, आणि भोंगा झाला तसा आत गेला.

पंधरा दिवसांनी, पुनवेला, तो आला. प्रयागबाई त्याच दुपारपासून अंगणाच्या कडेला गोणपाटावर वेगळी बसलेली होती. मी उद्याच मानोऱ्याला माणूस धाडते, असं सासूनं त्याला दारातच सांगितलं. तो हातपाय धुऊन बायकोपासून चार हात लांब येऊन बसला.

मग म्हणाला, "त्या दिवशी आलो असतो तं?"

"आता कायले विचारता?"

त्याच्या डाव्या कानामागं कापसाचा पुंजका चिकटला होता. काढायला तिचा हात उचलला गेला. शिवायचं नाही हे आठवून तो तिनं परत गोणपाटावर ठेवला.

"कानामागं रुई हाये," ती म्हणाली.

त्यानं उजवा कान झटकला.