कळवणची जोडी

"लग्नाला किती वर्षं झाली?" उज्वलानं विचारलं.

"बत्तीस," बयाबाई म्हणाल्या.

"एकोणचाळीस," चिमाजी म्हणाले.

दोघांनी चमकून एकमेकांकडे बघितलं. उज्वलानं वहीत लिहिलं: लग्नाच्या वर्षांवरही एकमत नाही. दुखणं जुनं दिसतंय.

कुटुंब-समुपदेशनाच्या एम.ए.चं तिचं शेवटचं सत्र होतं. एका जोडप्याच्या सहा बैठका घेतल्याशिवाय पदवी नव्हती, आणि नाशकात घरातलं भांडण शिकाऊ पोरीपुढे मांडायला कोण येणार? वर्ष वाया जायची वेळ आली, तेव्हा समुपदेशन केंद्राचा शिपाई मंगळू म्हणाला होता, "ताई, रडू नका. आमच्या कळवणची जोडी आणतो."

आणली. पण दोघं यायची वेगवेगळ्या एसटीनं, बसायची दोन टोकांना. ती म्हणे 'माझा हर्षल', तो म्हणे 'माझा दीपक'. पोरंसुद्धा वाटून घेतलेली! बयाबाई तर चिमाजींना सरळ नावानं हाक मारत. उज्वलाच्या आईनं नवऱ्याचं नाव उखाण्यापलीकडे कधी घेतलं नव्हतं. वही भरत गेली, जोडी काही जुळेना.

सहाव्या बैठकीला काचेपलीकडे माजिदा मॅडम परीक्षक म्हणून बसल्या. आज दोघं मोकळी झाली नाहीत, तर नापास.

उज्वलानं वही मिटली. "दिवसातली कोणती वेळ जड जाते?"



"दिवेलागण," बयाबाई म्हणाल्या. "सवयीनं दोन भाकरी थापते. एक कुत्र्याला जाते."

चिमाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी स्टँडवरचा वडापाव खातो, अन् तुमचं कुत्रं भाकर खातं?"

"मग मागायची होती! तोंड हाय ना?"

"धीर नाय झाला."

"सहा खेपा घातल्या नाशकाला, अन् धीर नाय म्हणे!"

चिमाजी आधी हसले. मग बयाबाईही हसल्या, डोळे पुसत. "उद्या या. मेथी करते."

माजिदा मॅडम स्वतः आत आल्या. "उज्वला, दहा वर्षांत अशी बैठक पाहिली नाही. पहिला नंबर तुझा!" मंगळूनं केंद्रभर पेढे वाटले.

महिन्याभरानं दोघं पुन्हा आली, या वेळी एकाच एसटीनं. चिमाजींनी कुंकू लावलेली पत्रिका पुढे केली. "पहिली पत्रिका तुम्हाला, ताई. रविवारी लग्न हाय."

"अरे वा! हर्षलचं की दीपकचं?"

दारातला मंगळू एकदम छताकडे बघायला लागला.

"हर्षलला बाप नाय, दीपकला आई नाय. त्या दोघांनीच तर मांडव घातलाय," बयाबाई पदराआडून म्हणाल्या. "लग्न आमचं हाय."