टाकीचं गाणं

“टाकीचं गाणं काढलं गं,” ब्रिजेट म्हणाली. “शुक्रवारपासून नाही.”

वांडाच्या हातातला कॉफीचा कागदी पेला तसाच ओठांशी राहिला.

थिएटरबाहेर, लोकांनी परत केलेल्या तिकिटांसाठीच्या रांगेत दोघी बारा वाजल्यापासून पुढे होत्या. ब्रिजेट आपल्या घडीच्या स्टुलावर. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून ही बाई प्रत्येक नव्या संगीत नाटकाचे उद्घाटनाआधीचे सगळे खेळ बघते. उद्घाटनाआधीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत नाटक रोज कापतात, रोज शिवतात. काल होतं ते आज असेलच असं नाही. वांडालाही हे ठाऊक होतं. पण ते गाणं तिने पहिल्याच खेळाला ऐकलं, आणि त्या दिवसापासून तिला एकच ध्यास, आपल्या थोरल्या भावाला, काझला, इथे आणायचं.

“का काढलं?”

“लांबत होतं म्हणे. कबुतरांचा नाच ठेवला सात मिनिटांचा, आणि हे काढलं! मी पत्र लिहिलंय त्यांना. चार पानी.”

काझ दुखरे गुडघे सांभाळत भिंतीला टेकून उभा होता. एक्केचाळीस वर्षं त्याने न्यूयॉर्कच्या छपरांवर पाण्याच्या लाकडी टाक्या बांधल्या. कोणी विचारलं तर म्हणायचा, “काही नाही, छपरावर असायचो.” परवा जेवताना वांडाच्या नातीने विचारलं, तिलाही तेवढंच सांगितलं आणि बटाटे वाढून घेतले.

“काय काढलं म्हणता?” काझने विचारलं.

“काही नाही,” वांडा म्हणाली.

“नाटकच काढलं असेल तर घरी जाऊ. माणसं चांगली बोलत असतात नि मधेच गायला लागतात. कोणी चिमटा काढतं का त्यांना?”

“यात माणसं नाहीतच,” ब्रिजेट म्हणाली. “कबुतरं आहेत. त्यांची निवडणूक आहे. आणि एक टाकी आहे.”

“टाकीपण गाते?”

“गायची.”

परत फिरावं, असं वांडाच्या मनात येतंय तोवर खिडकी उघडली. दोनच तिकिटं आली होती. ब्रिजेटने स्टूल बाजूला सरकवलं. “जा तुम्ही दोघं. मला पाठ आहे.”

दोनशे खुर्च्यांचं थिएटर कबुतरांना हसून हसून डुलत होतं. वांडा कबुतरांकडे बघतच नव्हती. रंगमंचावर मागे कोपऱ्यात एक आडव्या अंगाचा नट टाकीच्या वेषात मुकाट उभा होता. दुसऱ्या अंकात जिथे त्याचं गाणं होतं, तिथे आता उजेड त्याच्या अंगावरून गेला आणि पुढे निघून गेला. काझ खुर्चीत पुढे झुकला. पुटपुटला काहीतरी.

“झोप आली?” तिने विचारलं.

“छे.”

बाहेर पडलेले लोक फुटपाथवर घोळक्याने भांडत होते. कोणी म्हणे दुसरा अंक अजून कापा. कोणी म्हणे, कापून कापून हाडं उरलीत. ब्रिजेट मागच्या दाराशी नटांची वाट बघत बसली होती.

“कसं वाटलं?”

“पट्टे चुकलेत,” काझ म्हणाला.

“कसले?”

“टाकीचे. लोखंडी पट्टे असतात ना बाहेरून, ते सगळे सारख्या अंतरावर लावलेत. भरली तर बुडाशी फुटेल ती! भार खाली असतो. खाली पट्टे दाट, वर विरळ. कुठल्याही छपरावर बघा.”

इतकं सलग बोलणं वांडाने त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मागचं दार उघडलं. टाकी झालेला नट, रूफस, गळ्याला टॉवेल गुंडाळून वाऱ्याला आला. लोकांनी सहीसाठी कागद पुढे केले. काझ हात खिशात घालून पुढे गेला.

“टाकी तुम्हीच ना? पट्टे चुकलेत तुमचे.”

रूफस हसला. मग काझचे हात खिशातून बाहेर आले, आणि घट्टे पडलेल्या त्या हातांकडे बघून तो हसायचा थांबला. “एक मिनिट, सर.” आत गेला नि टाकी अंगावर चढवूनच आला. रंगवलेल्या फळ्या, त्यावर चिकटवायचे काढायचे पट्टे. “दाखवा.”

काझ फुटपाथवर गुडघ्यांवर बसला. वांडा धरायला धावली, त्याने तिचा हात झटकला. एकेक पट्टा उचकटून तो वितीने मापून खाली लावू लागला. रूफस दोन्ही हात वर धरून उभा. उभ्या उभ्या त्याने गुणगुणायला सुरुवात केली. ब्रिजेटने वांडाचं कोपर घट्ट धरलं.

*घरोघरीच्या नळाला माझं पाणी, माझं पाणी,*
*मान वर करून बाई, पाहिलं का मला कोणी?*

“हलू नका,” काझ खालून म्हणाला. “गाणं मागाहून.”

रूफस हलला नाही, पण थांबलाही नाही. दुसऱ्या कडव्याला काझचा हात पट्ट्यावर थबकला. मग पुन्हा चालू लागला, जरा हळू. भांडणारे लोकही जवळ सरकले होते. गाणं पुरं झालं तेव्हा शेवटचा पट्टा बसला.

“झालं बरोबर?” रूफसने विचारलं.

काझने बोटांच्या पेरांनी फळीवर ठोकून पाहिलं.

“भरा आता पाणी. आणि एक सांगतो, नवी टाकी पहिल्या दिवशी गळते. चहूकडून गळते. लोक घाबरून फोन करतात. काही करायचं नसतं. लाकूड पाणी पितं, फुगतं, आपलं आपण धरतं.”

वांडाने चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसायला घेतला.

“गळू द्यायचं,” काझ म्हणाला. खालच्या पट्ट्यावरचा हात त्याने अजून काढला नव्हता.