धडधाकट माणसाचा आकडा

शमिकाने यंत्र पुसलं, नवी पट्टी लावली आणि हरिश्चंद्रांचं बोट पुन्हा टोचलं. आकडा तोच निघाला.

"काय गो, बिघडलं काय तुझं मशीन?" त्यांनी विचारलं.

पडवीतल्या खाटेवर आडवा झालेला त्यांचा मुलगा गौरव कुशीवर वळला. तीन वर्षांपूर्वी तो तापातून उठला खरा, पण नावालाच. साधी आंघोळ केली की उरलेला दिवस खाटेवर. तपासण्या झाल्या, सगळ्या ठणठणीत. "रिपोर्ट चांगला, जेवण चांगलं, मग अडतंय कुठं?" हा बाबांचा प्रश्न आता साऱ्या वाडीला पाठ झाला होता. शेवटी बापलेकांचं ठरलं. शमिकाच्या या तपासणीत काही निघालं नाही, तर गौरवने सोमवारी मुंबई गाठायची आणि मामाच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं. आपण तिथे आठ दिवससुद्धा टिकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शमिका असल्याच थकव्यावर संशोधन करत होती. खाल्लेल्या अन्नाची ताकद बनताना ती नेमकी कुठे अडकते, हे तिला शोधायचं होतं. ती जागा सापडली तर पुढे औषधही शोधता येईल, असं ती म्हणे. पद्धत साधी होती. सलग दोन दिवस तीन-तीन मिनिटं पायरी चढायची, उतरायची आणि मग बोटातल्या रक्तात लॅक्टेट, म्हणजे स्नायू दमले की तयार होणारं आम्ल, किती साचलं ते बघायचं. तुलनेला त्याच घरातला, तेच अन्न खाणारा धडधाकट माणूस हवा होता.

"मी हाय की!" बाबा छाती काढून पुढे झाले होते. बासष्टाव्या वर्षी आंब्यावर सरसर चढणारा माणूस. त्यांच्या धडधाकटपणावर कोण शंका घेणार?

काल त्यांचा आकडा अगदी नेमस्त आला. गौरवचा जास्त आला, आज तर कालच्या दुप्पट. आजारी असल्याचा एवढा आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. सोमवार टळला! पण आज बाबांचाही आकडा उडी मारून थेट त्याच्या शेजारी येऊन बसला होता.

"काका, कालच्या पायऱ्यांनंतर काय केलंत?"

"काय करणार? पडलो होतो. जरा दमणूक झाली की दुसऱ्या दिवशी अंग शिसं होतंच."

गौरव कोपरावर उठला. बाकीच्या बागांत हंगामात रोज आंबा उतरायचा. यांच्याकडे एक दिवस उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी बाबा खाली बसून पेट्या भरायचे. तक्रारीचं कारणच नव्हतं. हरिश्चंद्राची शिस्त म्हणून गाव त्या पद्धतीचं कौतुकच करायचं.

"बाबा, म्हणून तुम्ही एक दिवस सोडून आंबा उतरवता?"

"मग? लागोपाठ दोन दिवस कोण चढेल?"

"हे केव्हापासून?"

"तू जन्मायच्या आधी कावीळ झाली होती, तेव्हापासून."

शमिकाने वहीत लिहिता लिहिता पेन थांबवलं. "एवढ्यावरून मी काही ठरवणार नाही, काका. पण तुम्हाला धडधाकट म्हणून मोजता येणार नाही. इतकी वर्षं कुणाला बोलला का नाहीत?"

हरिश्चंद्र गोंधळले. त्यांनी लेकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. एखाद्या नव्याच मुलखाची वाट विचारावी तसं त्यांनी विचारलं,

"म्हंजे... बाकीच्यांना असं होत नाय?"