एसेनकुल पायी निघाला

"आके, बसा गाडीत! घोडा मेला की काय?"

मुकाशनं गाडी आडवी घालून दार उघडलं. एसेनकुल जेमतेम पॉपलरच्या झाडांच्या रांगेपर्यंत पोचला होता.

"घोडा धडधाकट आहे. मला चालायचंय."

"कुठे?"

"कुठेच नाही. जायचं आणि परत यायचं. डॉक्टरनं सांगितलंय."

मुकाश शेजारी होता, मनाचा चांगला होता, सगळ्या गावासारखा एसेनकुलला आके, म्हणजे थोरला दादा, म्हणायचा. छातीतला झटका म्हाताऱ्याच्या डोक्यात चढला, असंच त्याला वाटलं. त्यानं खांद्याला धरून एसेनकुलला आत बसवलं आणि घरी सोडायच्या आधी गावाला एक चक्करही मारून आणली. तेवढीच हवा.

एसेनकुलच्या मनगटावर शहरातल्या इस्पितळानं एक पट्टा बांधला होता. पट्टा फोनला सांगायचा, फोन डॉक्टर चोल्पोनला. रोज अर्धा तास न थांबता चालायचं, एवढंच काम. तिला शहरात बसून म्हाताऱ्याची नाडी दिसत होती, गाव मात्र दिसत नव्हतं. आमच्याकडे पायी चालणारा म्हणजे मेंढी हरवलेला, नाहीतर घोड्यावरून पडलेला. त्याला वाटेत टाकून पुढे जाणाऱ्याला लोक नावं ठेवतात. बरं, मागच्या गल्लीनं जावं, तर दारोदार बायका नान घेऊन उभ्या. "तुकडा तरी मोडा, आके!" अन्नाला नाही म्हणायची कुणाची छाती आहे? नानवर साय, सायीवर चहा, आणि चहावर गप्पा.

आठवड्यानं फोनच्या काचेत चोल्पोन दिसली.

"आके, काल तुम्ही ताशी साठ किलोमीटरच्या वेगानं चाललात."

"मुकाश बेतानंच चालवतो," एसेनकुल म्हणाला.

ती हसली नाही. "वजनही वाढलंय. नीट ऐका. चालला नाहीत, तर पुढचा झटका फार लांब नाही. आणि तो आला की माझ्या हातात काही राहणार नाही."

चुलीपाशी त्याची बायको कालीपा कणीक मळत होती. तिचे हात थांबले. ती घाबरली होती, पण घाबरल्याचं दाखवायची सवय तिला कधीच नव्हती.

"म्हाताऱ्या, बायकोशी भांडून निघालेल्या माणसाला कोण गाडीत घेतं?"

"कोण घेईल? कुणाची तरी बाजू घ्यावी लागते, मग जन्मभर बोलणी खा."

"मग ऊठ."

तिनं चुलीतली सळई उचलली आणि त्याला दाराबाहेर हाकललं. "चालता हो! माझ्या आईनं दिलेली लाल पेटी मला न विचारता भावाला देऊन टाकलीस! नव्या नवरीची पेटी!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं. एसेनकुल भराभरा निघाला. मुकाशची गाडी समोरून आली. मुकाशनं मान खाली घातली आणि वेग वाढवला. दारातल्या बायका नानसकट आत पळाल्या. म्हातारा अर्धा तास चालला, कुणी हूं की चूं केलं नाही.

मग रोजचाच नेम झाला. ऊन उतरलं की कालीपाचा आवाज चढायचा. "लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मला एकटीला सोडून भावकीच्या लग्नाला गेलास! सरपण मी फोडलं!" दुसऱ्या दिवशी, "मला बाळंतपणाच्या कळा येत होत्या आणि तू घोड्यांची शर्यत बघत होतास!" एकदा तर ती गल्लीच्या टोकापर्यंत मागे आली. "माझी आई गेली, तेव्हा मेंढ्या कातरायच्या आहेत म्हणालास! मेंढ्या!"

परत आला की एसेनकुल खूश असायचा. "काय सोंग वठवतेस गं! शेवटी रडलीससुद्धा! नाटक मंडळीत असतीस तर नाव काढलं असतंस." कालीपा त्याच्यापुढे चहा ठेवायची आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागायची. म्हाताऱ्याला झोप छान लागायची.

गावातले चार वडीलधारे समेट करायला आले, तर तिनं त्यांना मुकाट्यानं जेवू घातलं आणि वाटेला लावलं. या वयात काडीमोड म्हणजे शोभा नाही, असं पुटपुटत गेले बिचारे.

शेवटी एकदाचा चोल्पोनचा फोन आला. "आके, कमाल केलीत! हृदय झकास चाललंय. आता पट्टा काढा, आमचं काम संपलं. चालणं मात्र..."

पुढचं एसेनकुलनं ऐकलंच नाही. पट्टा काढून फेकला, लोकरीच्या नमद्यावर पाय पसरले आणि लोडाला टेकला.

"सुटलो! आजपासून सोंग बंद."

कालीपा दारात उभी होती. ऊन उतरलं होतं. डोक्याला रुमाल बांधून ती तयार होती.

"कसलं सोंग?"

"अगं, भांडायचं."

"सोंग तू करत होतास," ती म्हणाली. "मी भांडत होते."

एसेनकुलनं तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली. त्यानं पसरलेले पाय जवळ ओढून घेतले.

कालीपानं खुंटीवरची टोपी काढून त्याच्या मांडीवर टाकली.

"ऊठ. सगळं ऐकून झाल्याशिवाय मरायचं नाही. मी आत्ता कुठे लग्नाच्या तिसऱ्या वर्षात आलेय."